गिटारीच्या पोटात पडलेला जॅक

ताई, आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत कळलं नाही ते आजवर कळलं नाही. परवा तुम्ही घरी येऊन म्हणालात, मावशी, तुमच्या कामाचं सांगा, मी लिहून घेते, तर मी नुसतं पदराचं टोक पिळत बसले, तुमचा चहासुद्धा गार झाला. तोंडानं जमत नाही म्हणून या वहीत लिहिते. तुम्हाला देईन की नाही, ते अजून ठरलं नाही.

मी अजिंठ्याकडची. आई सांगायची, पोलीस अ‍ॅक्शन झाली त्याच्या तिसऱ्या वर्षी तू झालीस. चौथीनंतर धाकटी भावंडं सांभाळली आणि लग्न होऊन औरंगाबादला उस्मानपुऱ्यात आले. तेव्हा औरंगाबादच म्हणायचे, माझ्या तोंडात अजून तेच येतं. आमचे हे रेडिओ, टेप, भोंगे दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मधे पडदा, पडद्यामागं मी आणि माझं शिलाई मशीन. रेडिमेडवाला परकरांचे गठ्ठे टाकून जायचा, मी नेफे शिवायची, नाड्या ओवायची. गल्लीत कुणाची नाडी नेफ्यात आत गेली की बाया मलाच हाक मारायच्या, आत गेलेलं बाहेर काढावं तर हिनंच, म्हणायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. काय हसण्यासारखं होतं, मला लई दिवस कळलं नाही.

आता डोळ्यांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. यांना मोतीबिंदू होत होता, पण हे बल्बालाच शिव्या द्यायचे. रेडिओतल्या बारक्या पार्टांवर रंगाचे पट्टे असतात, ते दाखवून मला हाक मारायचे, अगं, हा पट्टा लाल हाय का नारंगी? मी सांगायची, लाल. असं सांगता सांगता माझ्या हातात चिमटा कधी आला आणि मी डाख कधी द्यायला लागले, म्हणजे कथील वितळवून तार चिकटवायची, ते मलाच आठवत नाही. कुणाला सांगू नको असं हे म्हणाले नाहीत, सांगू का असं मी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की मी पडद्यामागं.

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारे एक नईमभाई होते. त्यांची गिटार विजेवरची, पण पोट अर्धं पोकळ. मधोमध भरीव ठोकळा आणि दोन्ही बाजूंना व्हायोलिनला असतात तशी वाकडी भोकं. कडेला एक गोल भोक, त्यात जॅक, म्हणजे वायरीची पिन खुपसायची जागा. उस्ताद, पिन डाले तो पूरा गोल फिरता, आवाज खरखर करता, असं नईमभाई म्हणाले. यांनी पक्कड घेतली, बाहेरचा नट आवळला आणि झालं म्हणाले.

काय सांगू तुम्हाला, त्याच दिवशी फुलंब्रीच्या लग्नात तिसऱ्या गाण्याला गिटार मुकी झाली. ऑर्केस्ट्राच्या मालकानं नईमभाईंचे तीनशे कापले. सकाळी ते आले आणि भांडले नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. तीनशेचं सांगितलं आणि एवढंच म्हणाले, उस्ताद, आज शाम कू फिर प्रोग्राम है, आज बंद पडी तो मालिक मेरेकू निकालताच. हे म्हणाले, तुझे तीनशे मी भरतो, थोडे थोडे करून. गिटार ठेव, पाचला ये.

आणि परत तीच पक्कड. बाहेरून नट फिरवला की आतला जॅकही संगं फिरतो आणि तारेला पीळ बसतो, हे यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, पण दिसत नसलं की माणूस नुसता जोर लावतो. नट निघून हातात आला आणि जॅक आत पडला. खुळ्ळ. हे बल्बाकडं बघत बसले. मी म्हटलं, बल्ब बदलू का? तर म्हणाले, बल्बाला काय धाड भरली, मलाच दिसत नाय गं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. मी गिटार मांडीवर ओढली. उलटी करून हलवत जॅक वाकड्या भोकाशी आणला आणि वाकवलेल्या तारेनं बाहेर ओढला. पीळ बसून एक तार तुटली होती, तिला डाख दिला. पण परत बसवायचा कसा? त्या भोकातून दोन बोटंच जातात. हे म्हणाले, पाठ उघडावी लागंल, आन पाठ तर चिकटवलेली, ऱ्हायलं आता. मी म्हटलं, अहो, हा नेफाच की.

जाड दोऱ्याला सेफ्टी पिन बांधली, कडेच्या गोल भोकातून आत सोडली आणि चाचपत वाकड्या भोकातून बाहेर काढली. पिन सोडून दोरा जॅकच्या नळीतून ओवला, मागं गाठीत काडेपेटीची काडी अडकवली आणि कडेच्या भोकातून दोरा ओढला. जॅक मुकाट आपल्या जागी आला. वॉशर, नट दोऱ्यावरूनच सरकवले, मग दोरा कापून काडी झटकून टाकली. हे म्हणाले, आवळ, पर आतलं फिरू देऊ नको. मापं लिहायची पेन्सिल मी नळीत घट्ट दाबून धरली आणि नट आवळला.

यांनी वायर भोंग्याला जोडून तार छेडली आणि आवाज आला, दन्न. तेव्हा मी विचारलं, पोट पोकळ आहे, तरी आवाज वायरीतून येतो, मग पोट कशाला? हे म्हणाले, लोहचुंबकावर तारा थरथरतात, त्याचा करंट होतो. मग पोट कशाला? पोटाचाबी थोडा येतो. थोडा म्हणजे किती? तर म्हणाले, गप ऐक. ते मला अजून उमगलेलं नाही.

पाचला नईमभाई आले, वाजवून बघितलं, वा उस्ताद, क्या हाथ है, म्हणाले. हे म्हणाले, व्हय, बसला आता. मी पडद्यामागं पेन्सिल घेऊन उभी. मला राग आला का बरं वाटलं, ते तेव्हाही कळलं नाही. जॅक परत हलला नाही, नईमभाईंचं काम टिकलं, पण त्या व्हय म्हणण्याचं काय करू, ते मला कित्येक दिवस सुचेना.

पुढं यांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता दुकान नाही, हे दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखतात. गल्लीतल्या पोरी जाकिटाच्या टोपीची नाडी आत गेली की माझ्याकडंच येतात. देव त्यांना सुखी ठेवो, त्या हसत नाहीत.

त्या तीनशेचं सांगायचं राहिलं. दर महिन्याला पन्नास जायचे. सहाव्या महिन्यातली नोट माझ्या परकरांच्या शिलाईची होती. नईमभाई आले तर हे म्हणाले, शेवटची नोट हाय, पडद्याआडून घे. गिटार तिनं बसवली, मी न्हाई. तवाच सांगितलं असतं आन परत ढिली झाली असती, तर तिच्यावर आलं असतं. देणं माझं होतं, तवर काम बी माझ्या नावावर ऱ्हाऊ दिलं.

हे खरं होतं का मागून सुचलं होतं, मी कधी विचारलं नाही. पडदा सारायला धीर झाला नाही, नुसता हात बाहेर काढला. नईमभाईंनी दोन्ही हातांनी नोट घेतली आणि म्हणाले, पूरे हो गए भाभी, अब कुछ बाकी नहीं.