आत्ताच लाईन बंद करू नको

—तो आवाज तू नाई ऐकला, बिरजू, तुह्या जन्माच्या पहिलेचा हाये. बैलबंडीत गावाचे गंज, भाताची मोठाली भांडी, खणखण करत लग्नघरी जायचे, आन् लगन झालं का घासूनपुसून तसेच खणखणत वापस यायचे. नाई आले त् दुसऱ्याच्या मांडवात भात कायच्यात शिजवाचा? — काऊन सांगून राह्यलो म्हणतं? तूच विचारलं ना, फांद्या तोडाले घंटाभर लाईन बंद केली त् माह्या नातीचं काय बिघडते म्हणून! तेच सांगतो. सिडी टेकव भिंतीले, बस जरा.

दिव्यानी लॅपटॉपवर काम करते ना — काळी खिडकी, चित्र नाई, काई नाई, अक्षरंच अक्षरं. दुसऱ्याच्या प्रोग्राममधली चूक धरते ती. प्रोग्रामले घडीभर जागा लागते, बफर म्हणते ती. मागाची, वापराची, सोडून द्याची — गंजासारखीच. हा प्रोग्राम मागत जाते, सोडत नाई. भरते, भरते, आन् मशीन अडकून पडते. कोणता गंज कोणं दाबला, तेच हुडकून राह्यली होती. चूक कवाकवाच दिसते म्हणते. आज सकाळी दिसली! तशीच थांबवली तिनं, आन् खिडकीत तिनंही घडीभरची जागा मागून ती चूक त्यात उतरवून ठेवली. पण लाईट गेली का ते सारं पुसलं. — बॅटरी? बॅटरी फुगली होती, काढून टाकली. वायरीवरच चालते. फाईलमधी कसं काढाचं, धक्का न लावता, ते फोनवर साहेबाले इचाराचं हाये. नेटवर्क बोडीच्या, त्या तळ्याच्या, पाळीवर लागते, तिकडंच पळत गेली. म्हणाली, आबाजी, लॅपटॉपच्या बटनाले कोणाले हात लाऊ देऊ नको. म्हणून राखण बसलो — बसलो कायचा, उठतो, दारात येतो, बोडीकडं पाहतो, पुन्हा बसतो. फांद्या तारेवर आल्या, मले समजते. पण पहिले टोल्यावरच्या, तिकडल्या वस्तीतल्या, तोड ना, बापू. त्याची लाईन अलग, डीपीची पेटीही अलग हाये.

तिले काय भेटते म्हणतं? चूक धरली त् पक्की नोकरी. हैद्राबादले. — नाई, इथून नाई चालत, तिथीच जाऊन राहा लागते. जाईन ना ती, काऊन नाई जाईन? तिची आजी गेल्यापासून घरात आमी दोघंच. ती टकटक करत राह्यते, मी खाटेवर पडून ऐकतो. चहा थंडा होते तिचा, मी पुन्हा गरम करून ठेवतो, तोही थंडा होते. — चांगलंच हाये. मी कुठी नाई म्हणून राह्यलो? फक्त — ती पाळीवर गेली ना, तवापासून मी त्या बटनापाशीच उभा होतो. बोट ठेवलं होतं त्याच्यावर. दाबलं नाई! दाबलं नाई, बिरजू. तेवढ्यात तुही गाडी वाजली. बरं झालं म्हटलं. तुह्या ड्युटीची लाईन, तू बंद केली त् कोण कोणाले बोलते? मी त् थांब म्हणून सांगून पाह्यलं —

असा काऊन पाहून राह्यला माह्याकडं?

सिडी कायले उचलली? अरे, टोल्याकडं कुठी चालला? मी म्हटलं म्हणून का लगेच — बिरजू! डीपी इकडं हाये ना, बापू. इकडं —