दुकानातल्या दोन डावखुऱ्या बंदुका

नळी भिंतीकडे. भिंतीकडे हो, माझ्याकडे नाही. रिकामी आहे ते मला ठाऊक आहे, मीच ठेवलीये ना तिथं — तरी नळी भिंतीकडे. हां. आता बोला. तर मी काय म्हणत होतो — नवी वाईट आहे असं मी म्हटलंच नाही. मी एवढंच म्हणतो, ह्या कंपनीवाल्यांनी दहा वर्षं एक बंदूक विकली, लोकांनी दहा वर्षं तिच्या नावानं बोंब मारली, आणि आता त्याच बोंबांची यादी समोर ठेवून त्यांनी नवी काढली नि वर साठ डॉलर जास्त लावले. आमच्याच तक्रारी आम्हालाच विकताहेत. ह्याला काय म्हणायचं? काय म्हणायचं ते मला चांगलं माहीत आहे, पण बर्निसनं दुकानात शिव्या द्यायला बंदी केलीये. बर्निस म्हणजे मालकीण. पेस्टी, ती मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, आणायला गेलीये, येईल अर्ध्या तासात. मी आपला काउंटरवरचा नोकर — लॉरी — एकवीस वर्षं झाली इथं उभा आहे.

हे बघा, दस्ता बघा. जुनीचा प्लॅस्टिकचा, पोकळ, टिचकी मारली तर रिकाम्या बादलीसारखा वाजतो. नवीचा भरीव केलाय, हाताला खरखरीत लागतो, ओल्या हातातून निसटत नाही. मान्य. बोल्ट, हा काडतूस आत-बाहेर करायचा दांडा — जुनीचा ओढताना वाळूत फावडं घातल्यासारखं वाटायचं, नवीचा सरसर येतो. तेही मान्य. आणि मॅगझिन, ही काडतुसांची डबी — त्या जुनीच्या मॅगझिननं तर जीव खाल्ला. बसलं की नाही बसलं कळायचंच नाही. हातमोजे घालून बसवायला गेलं की पडलंच खाली बर्फात. चार वेळा उकरून काढलंय मी ते — म्हणजे, रायनोनं. माझा धाकटा भाऊ. जुनी त्याची होती. ही वरच्या रॅकवरची. पण नेम? नेमाचं विचाराल तर शंभर यार्डांवर दोघी एकाच जागी मारतात. हरणाला दस्ता भरीव आहे का पोकळ, काही कळत नाही. मग साठ डॉलर कशाचे? दस्त्यावर ती पानांची नक्षी छापलीये त्याचे? हरणं काय दस्ता बघून पळतात?

नाही हो, तुमचं दुखणं मला कळतं. डावखुऱ्या माणसानं जन्मभर उजव्यांची बंदूक वापरायची — डाव्या खांद्याला लावायची, गोळी झाडली की डावा हात नळीवरून पलीकडे न्यायचा, बोल्ट ओढायचा, परत आणायचा — तोवर हरीण तळ्यापलीकडे पोचलेलं. आणि डावखुऱ्यांसाठी स्वस्तात कोण बनवतो? कोणी नाही. मोठ्या किमतीच्या बनवतात, जशी काही डावखुरी माणसं सगळी डॉक्टर नि वकीलच असतात. म्हणून तर आख्ख्या दुकानात डावखुऱ्या दोनच, ही रॅकवरची जुनी आणि ती खोक्यातली नवी. आणि हंगाम उघडतोय परवा. तुम्ही पुलापलीकडचे, दक्षिणेकडचे लोक नेहमी तेरा तारखेलाच का उगवता कोण जाणे. ऑगस्टमध्ये आला असता तर मागवून ठेवली असती.

जुनी? जुनी नका घेऊ. स्वस्त आहे म्हणता — कुठं स्वस्त आहे, चिठ्ठी बघा ना तिच्यावरची. वापरलेल्या बंदुकीला कोणी एवढे देतं का? कोणी देऊ नये म्हणूनच लावलीये. बर्निस दरवर्षी म्हणते, लॉरी, उतरव की किंमत, जागा अडवून बसलीये. मी म्हणतो, उतरवतो. तीन वर्षं झाली उतरवतोय.

बरं, एवढंच मनात भरलंय तर घ्या हातात. बोल्ट मागे करा, आत बघा, रिकामी? ठीक. बंद करा. आता चाप ओढा. ओढा हो, भिंतीकडे धरून. आला आवाज? खट झालं काही? नाही ना. काडतुसावर आपटते ती आतली सुई काढलीये मी. तळ्यात टाकली. ही बंदूक उडतच नाही, तीन वर्षं झाली, नुसती लाकडावर टांगलेली आहे. बर्निसला सांगू नका.

का म्हणजे — सेफ्टीमुळे. तुम्ही सगळं विचारलंत, सेफ्टीचं विचारलं नाहीत, मला वाटलं सुटलो. हा फरक मात्र खरा आहे, बाकी सगळी रंगरंगोटी. जुनीत काय व्हायचं, सेफ्टी लावली की चापाबरोबर बोल्टही अडकायचा. उघडायचाच नाही. का, तर म्हणे झाडीतून चालताना चुकून उघडू नये. छान. पण मग संध्याकाळी काडतूस काढायचं कसं? आधी सेफ्टी काढा, मग बोल्ट उघडा. म्हणजे बंदूक रिकामी करायची असेल तर आधी ती उडेल अशी करा. आलं का लक्षात? ही अक्कल. नवीत सेफ्टी लावलेलीच ठेवून बोल्ट उघडतो. एवढंच करायचं होतं. एक छोटासा खिळा इकडचा तिकडे. मी दोन पत्रं लिहिली होती कंपनीला. एकाचं उत्तर आलं, सोबत एक टोपी पाठवली.

रायनोचं तसंच झालं. कॅम्पच्या पायरीवर. आमचा कॅम्प म्हणजे आजोबांनी बांधलेली लाकडी खोली, मागे सौना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची खोली, एवढंच. तिथं रीत अशी की अंधार पडला, शिकारीची वेळ संपली की दाराबाहेर, पायरीपाशी प्रत्येकानं बंदूक रिकामी करायची, मगच आत. बाकी दोघं चुलतभाऊ अजून झाडीतून यायचे होते. रायनो पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता, आणि सेफ्टी पुढे ढकलताना — जाडे हातमोजे हो, त्या थंडीत बोटं कुठं कळतात — अंगठ्यानं सेफ्टी ढकलली आणि मोज्याचं बोट चापात गेलं. गुडघ्याखालचा पाय गेला त्याचा. उजवा.

काय? हां, नाड्या सोडत होता — आणि बंदूकही — मांडीवर होती बंदूक. मांडीवर घेऊन बसला होता. असं झालं. शिकार खात्याचा माणूस आला, त्यानं सगळं लिहून घेतलं, कागदावर आहे ते. रायनोनं स्वतः सांगितलं दवाखान्यातून. माझाच गाढवपणा, म्हणाला. मग काय, गावाला तीन वर्षं पुरेल एवढी करमणूक झाली. कुठं गेला की, काय रायनो, बूट अर्ध्या किमतीत मिळतात का रे? तो म्हणतो, नाही लेका, उरलेला तुझ्या बायकोला देतो कुंडी करायला. हसतो. सगळे हसतात. आमच्याकडे नेम चुकला की कॅम्पवर त्या माणसाच्या शर्टाची मागची बाजू कात्रीनं कापतात नि भिंतीला ठोकतात, वर नाव आणि तारीख. आजोबांपासूनचे तुकडे आहेत भिंतीवर. रायनोचाही ठोकलाय. खाली लिहिलंय, हरीण समजून स्वतःचा पाय. असं सांगतात. मी बघितला नाही. मी जात नाही आता कॅम्पवर. दुकानात गर्दी असते पंधरा तारखेला.

नसते गर्दी, मला माहीत आहे. सगळे जंगलातच असतात. तुम्ही फार चौकश्या करता राव.

हे बघा, सोपं करू. तुम्ही नवी घ्या. मी आता एवढा वेळ तिला नावं ठेवली ती विसरा. चांगली बंदूक आहे, सुरक्षित आहे, डावखुरी आहे, परवा हंगाम आहे, तुम्हाला पाहिजे आहे. हा घ्या फॉर्म, वरचा भाग तुम्ही भरा, खालचा मी भरतो. खोक्यावर नाव आहे, असू दे. रायनोनंच मागवलीये ती. मी सांगेन चुकून विकली गेली. तो काय मला मारणार आहे? एवढी वर्षं दर नोव्हेंबरला फोन करायचा, लॉरी, येतोस ना, आणि मी म्हणायचो, दुकान. यंदा फोनच नाही. फोन नाही नि हे खोकं. मला न सांगता बर्निसकडून मागवली, गेल्या आठवड्यात स्वतः येऊन बघून गेला, मी नसताना. सकाळी मी खोकं उघडलं तर आत डावखुरी. मला वाटलं, बर्निसनं नंबर चुकवला. कारण रायनो काही डावखुरा —

हां. लिहा तुम्ही. जन्मतारीख आधी महिना, मग दिवस. लिहा ना. माझ्या हाताकडे काय बघताय? शाई आहे. डावखुऱ्यांचं हेच, लिहीत जावं तसा हात ओल्या अक्षरांवरून जातो, तळहाताची कड कायम निळी. तुमचीही असेल. दाखवा. बघा. आहेच.

तुम्ही काही विचारलं नाहीत. तरी सांगतो. त्या शिकार खात्याच्या माणसानं रायनोला हेच विचारलं होतं, बंदूक डावखुरी कशी काय? रायनो म्हणाला, भावाकडून उसनी घेतली होती, हात सरावाचा नव्हता, म्हणूनच घोळ झाला. पटकन म्हणाला. दवाखान्यात पडल्या पडल्या, पाय कापून चार तास झाले होते, आणि एवढं जुळवून बोलला. मी तिथंच उभा होतो. तोंड उघडायला किती वेळ लागतो माणसाला? एक शब्द पुरला असता. मी टोपी हातात फिरवत राहिलो. का बोलला तो असं — मला काय माहीत का. मी दर सप्टेंबरला टाउनशिपच्या हॉलमध्ये नवीन शिकाऱ्यांचा वर्ग घेतो, बावीस वर्षं घेतोय. पहिल्या दिवशी पहिला नियम काय? नळी. रिकामी असो भरलेली असो, नळी माणसाकडे नाही. आख्खी गल्ली माझ्या हाताखाली शिकलीये. तो वर्ग माझ्याकडून जाऊ नये म्हणून बोलला असेल. मी कधी विचारलं नाही. वर्ग अजून घेतो मी. ह्या सप्टेंबरलाही घेतला. नळी, नळी, नळी म्हणत.

सेफ्टीचा दोष आहेच. मी खोटं नाही सांगितलं. ही नवी असती त्या दिवशी, तर बोट चापात गेलं तरी काही झालं नसतं. पण नळी त्याच्याकडे होती ना. ती कंपनीनं नव्हती धरली. तो खाली बसला होता नि मी बंदूक रिकामी करता करता त्याच्याशी बोलत होतो, काहीतरी फालतू, सौना तापला का नाही ते — आणि बोलायला म्हणून वळलो, बंदुकीसकट वळलो. एवढंच. तीन वर्षं मी ह्या काउंटरवर येईल त्याला त्या सेफ्टीची गोष्ट सांगतोय, आणि प्रत्येक वेळी ती सांगून झाली की वाटतं आता बरं वाटेल. नाही वाटत. चीड येते. तो त्या भिंतीवरचा तुकडा माझ्या शर्टाचा पाहिजे होता, आणि तो बिचारा लंगडत जाऊन त्याच्याखाली बसून पत्ते खेळतो.

झाला भरून? द्या. थांबा, ही चिठ्ठी सोडवतो खोक्याची, नाहीतर तुमच्याबरोबर जायची. गाठ बघा कशी मारलीये, ही बर्निसची नाही, ही रायनोची, तो आमिषाच्या गळाला मारतो तशी. सकाळी नाव वाचलं नि खोकं आपटून बंद केलं मी. मागच्या बाजूला काय आहे हे — चष्मा कुठं गेला माझा. हां. 'लॉरी, ही तुला. परवा कॅम्पवर ये. अंगात जुना शर्ट घाल.'

जुना शर्ट.

नाही, काही नाही. घरचं आहे. तुम्ही तो फॉर्म इकडे द्या. द्या हो, फाडतो मी. ही विकली गेलीये. आता नाही, आधीच विकली गेली होती, माझीच चूक झाली, तुमचा वेळ गेला. हो, मीच म्हटलं घ्या म्हणून, आता मीच म्हणतोय की नाही. तक्रार करायची असेल तर बर्निस येईल पाच मिनिटांत, तिला सांगा, लॉरी डोक्यावर पडलाय. तिलाही मला बरंच सांगायचंय आता. तुम्ही यंदा आहे तीच उजवी वापरा. आणि संध्याकाळी ती रिकामी करताना जवळ कोणी बसलं असेल तर आधी त्याला उठवा, मग नळी जमिनीकडे, मग काय बोलायचं ते बोला.

निघा आता. दार नीट ओढून घ्या, वारा येतो.