उशीखालचं

ओडेसा : चूक.

लॉरेटा : चूक कशी मिस ओडेसा? नीट वाचा की. माझा चष्मा सकाळपासून सापडत नाही म्हणून तुमच्या हाती पुस्तक दिलं, तर तुम्ही भलतंच वाचाल.

ओडेसा : "तू रजिस्टर्ड नर्स. चार रोगी आहेत. कुणाचं काम हाताखालच्या प्रॅक्टिकल नर्सला सांगशील?" आणि तू म्हणालीस, कुणाचंच नाही.

लॉरेटा : कशाला सांगायचं? चौघांचं मी उरकेन. सोळा वर्षं ह्या वृद्धाश्रमात प्रॅक्टिकल नर्स म्हणून हेच करतेय.

ओडेसा : तीच तर बोंब आहे! दोनदा आपटलीस ती ह्याच पायी. उद्याच्या परीक्षेत तिसऱ्यांदा आपटलीस की कॉलेजवाले नाव काढून टाकतील.

लॉरेटा : ठाऊक आहे. नका आठवण करू.

ओडेसा : चर्चच्या स्वयंपाकघरात बारा बायका होत्या माझ्या हाताखाली. कुणाचं मयत असो, कुणाचं लग्न, मी कधी पळीला हात लावला नाही.

लॉरेटा : तरीच गंबोचा रस्सा खारट व्हायचा म्हणे.

ओडेसा : खारट बर्नीसनं केला, ओरडले मी. ह्याला म्हणतात काम सांगणं. चल, मी प्रॅक्टिकल नर्स. मला सांग काम.

लॉरेटा : मिस ओडेसा, तुम्हाला त्रास नसेल तर, म्हणजे जमलंच तर, त्या चार नंबरच्या आजींना...

ओडेसा : नाही जमत. पाय दुखतायत.

लॉरेटा : बरं, राहू द्या. मी बघते.

ओडेसा : बघ! अगं, कठीण आहे तुझं. ऐक परत. एक आत्ताच ऑपरेशन होऊन आलाय, धाप लागलीय. दुसऱ्याला रक्त चढवायचंय. तिसऱ्याला आज पहिल्यांदा इन्सुलिन टोचून घ्यायला शिकवायचंय. चौथी म्हातारी, तब्येत ठीक, रोजच्या गोळ्या द्यायच्यात.

लॉरेटा : म्हातारी मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

ओडेसा : का?

लॉरेटा : कारण म्हातारी लबाड असते. गोळी गालात धरते आणि नर्सची पाठ वळली की फर्नच्या कुंडीत थुंकते.

ओडेसा : पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही.

लॉरेटा : रविवारी माझी सुट्टी होती. सोमवारी कुंडीत तीन गोळ्या निघाल्या. फर्न प्लास्टिकचं आहे, त्याला रक्तदाब नाही.

ओडेसा : त्या नव्या नर्सचे, काइराचे, हात गार असतात.

लॉरेटा : आणि मागच्या परीक्षेच्या सकाळी तुमच्या छातीत कळ आली. धावतपळत पेपरला पोचले मी.

ओडेसा : आली होती कळ.

लॉरेटा : डावीकडे म्हणालात आणि हात उजवीकडे धरलात.

ओडेसा : म्हातारपणी डावं-उजवं कळत नाही.

लॉरेटा : मी पास झाले तर इथून जाईन, म्हणून ना?

ओडेसा : जाशीलच. मोठ्या हॉस्पिटलात. मग रात्रीच्या गोळीबरोबर माझ्याशी भांडायला कोण येणार?

लॉरेटा : मग आज का शिकवताय?

ओडेसा : नापास झाल्यावर महिनाभर तोंड पाडून गोळ्या देत होतीस. तसलं तोंड बघत मरायचं नाही मला.

काइरा : मिस लॉरेटा, आठ वाजले. गोळ्या आणल्यात. तुम्हीच देताय ना त्यांना?

लॉरेटा : नाही. तू दे.

काइरा : मी? त्या माझ्याकडून घेत नाहीत.

लॉरेटा : घेतील. सफरचंदाच्या गरात घालून दे. गिळल्या की तोंड उघडायला लाव, दोन्ही गाल बघ. तोवर जागची हलू नकोस.

काइरा : बरं. आ करा, मिस ओडेसा.

ओडेसा : ह्म्म.

काइरा : गाल रिकामे आहेत!

ओडेसा : हात गारच आहेत पोरीचे. लॉरेटा.

लॉरेटा : काय?

ओडेसा : उत्तर बरोबर आहे तुझं.

लॉरेटा : पुढचा प्रश्न वाचा मग.

ओडेसा : तूच वाच. माझ्या उशीखाली हात घाल, चष्मा आहे तुझा. उद्या लागेल.