मला फक्त छापायचं होतं हो!

...नाही, पण मी म्हणते, सुरू करायच्या आधी एकदा विचारायला काय होतं त्याला? अहो, कॉम्प्युटरला! तुम्हाला सांगते, मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, सकाळी पोरांची परीक्षा, प्रश्नपत्रिका तयार, आता छापणार... तर पडदा निळाशार! 'अपडेट चालू आहे. बंद करू नका.' बंद करू नका? कॉम्प्युटर माझा, आणि दम मलाच? मला फक्त छापायचं होतं हो!

तेवढ्यात धाकटे दीर आले. दात घासतानासुद्धा कंपन्यांना शिव्या देणारा माणूस! "वहिनी, ही कंपनी चोर आहे! तुमचं सगळं ऐकते, बघते, विकते! थांबा, तिची प्रणाली काढून मी मुक्त प्रणाली टाकून देतो." म्हटलं, मुक्त म्हणजे फुकट का? केवढे दुखावले! "फुकट नव्हे, वहिनी, स्वतंत्र!" अपडेट मधेच तोडलं, प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर घेतली, टाकली प्रणाली. झाली स्वतंत्र. इतकी, की प्रिंटरला ओळखच देईना! "जगभरातले लोक मदत करतात," म्हणे. विचारलं ऑनलाइन एकाला. त्यानं सुनावलं, 'आधी वाचून या!' अहो, मला फक्त छापायचं होतं!

मग नणंदबाई. लॅपटॉप महागातला, तान्ह्या बाळासारखा गुंडाळून आणलेला. "वहिनी, आमची कंपनी कुणाचं काही ऐकत नाही!" खरंच हो, कुणाचंच ऐकत नाही! पेनड्राइव्ह बसेना, प्रिंटरची वायर बसेना, मधे लावायचा तुकडा कंपनीचाच हवा, तो वेगळा विकत! दीर ओरडले, "ही लूट आहे!" नणंदबाई म्हणाल्या, "तुझ्या फुकट्यापेक्षा बरी!" बहीणभाऊ हातघाईवर, आणि मला... फक्त छापायचं होतं हो! शेवटी सकाळी फळ्यावर खडूनं लिहिले प्रश्न.

दुपारी म्हटलं, भावोजी, हात जोडते, माझं जुनं होतं ते घाला परत. घातलं. चालू झालं, आणि पडद्यावर काय? जाहिरात! 'गुडघे दुखतात का?'

दीर किंचाळले, "बघा! ऐकतात की नाही? पाळत आहे ही, पाळत!"

मागे सासूबाई उभ्या. "म्हणजे मी महिनाभर कण्हतेय, ते यानं ऐकलं?"

"हो ना, आई!"

"आणि तू रे? पोटचा मुलगा तू, कधी ठेवलीस पाळत?"

दीर वाकून वायरी गोळा करू लागले. नणंदबाईंनी लॅपटॉप मिटला. मीही मान खाली घातली.

आता सासूबाई रोज दुपारी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतात. छापायला रिकामा मिळतोय कुठला! गुडघ्याचं झालं, सध्या कंबरेचं सांगणं चाललंय.