गच्चीवरचा अँटेना धरत नाहीत

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या बाईंच्या शेजारी एक म्हातारा वेल्डर आणि त्याची लेक यांची जुंपली होती.

“बाबा, तुमची इमारत दुसऱ्या नंबरवर गेली.”

“कोणी ढकलली?”

“मीच. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातली आपल्या शहरातल्या उंच इमारतींची यादी दुरुस्त करतेय ना. गच्चीवरचा अँटेना उंचीत धरत नाहीत.”

“अकरा दिवस लटकून जोडलाय मी तो!”

“तुमचं लटकणंही धरत नाहीत.”

बाईंना हसू आलं आणि दाढ ठणकली.

“मग पहिली कुठली?”

“काकांनी वेल्डिंग केलेली. नियमही त्यांनीच शोधून दिला.”

“तरीच! सकाळपासून तीनदा फोन आलाय त्याचा. मी उचललाच नाही.”

“उचला की. अभिनंदन करा भावाचं.”

“आधी त्याला विचार, त्याच्या इमारतीचे वरचे चार मजले कोणी जोडले?”

“कोणी?”

“मी. साहेबांना उंचावर गरगरायचं.”

“अय्या! घालू का हे लेखात?”

“वेडी आहेस का? चाळीस वर्षं झाली, तुझ्या काकूला अजून माहीत नाही.”