उजवीकडचं पदक

सव्वीस जानेवारीच्या सकाळी गोत्रीहून सयाजीगंजकडे निघालेली बस जागोजागी थांबत होती आणि झेंडावंदन चुकणार म्हणून कौमुदी वैतागली होती. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या गुजराती तरुणीनं सरकून छातीवर पदक लावलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना जागा दिली, आणि कौमुदीचे कान तिकडे लागले.

"बसा ने, मावशी. हे खरं वीरचक्र?"

"खरंच गं. आमच्या ह्यांचं. एकाहत्तरच्या लढाईतलं."

"काय केलं होतं त्यांनी?"

"जखमी सुभेदाराला पाठीवर घेऊन गोळीबारातून परत आणलं. पण घरी कुणी विचारलं, की त्या सुभेदाराच्या घोरण्याचंच सांगत बसायचे."

"आणि नंतर?"

"नंतर कोयलीला रिफायनरीत नोकरी. पदक बाहेर निघायचं ते आजच्या दिवशी. लावायची मात्र मी. 'तुझ्या हाताशिवाय ते सरळ बसत नाही,' म्हणायचे."

"आज नाही आले?"

"दिवाळीत गेले."

"सॉरी, मावशी... पण तुम्ही उजवीकडे लावलंय. डावीकडे लावतात ने?"

"ज्यानं मिळवलं त्यानं डावीकडे. मागे राहिलेल्यानं उजवीकडे. फौजेची रीत आहे."

"चुकल्यासारखं वाटत असेल ने?"

"मलाही वाटलं होतं तसं वाटेल. पण आज लावून आरशात पाहिलं, तर अगदी तिथंच दिसलं गं. ते माझ्यासमोर उभे राहायचे, तेव्हा त्यांच्या छातीवर जिथं दिसायचं, तिथंच."