गुडघ्याचा कोंबडा

गुडघ्याच्या इंजेक्शनला घाबरतोस काय रे, आमच्या आयचं ऐक आधी. सकाळी शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या गुडघ्यात इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "दोन दिवस आराम. जास्त चालायचं नाही, उकिडवं बसायचं नाही."

दुपारी तिला घेऊन डोळखांबला घरी पोचलो, तर आय अंगणात ताठ उभी. "दुखणं पार गेलं रे!" मी निवांत जेवून आडवा झालो.

पाचला बाईंचा फोन. "तुमच्या आई दवाखान्यात बसल्यात. मांडीवर कोंबडा आहे आणि त्यांना उठता येत नाहीये."

कुणाचे उपकार ठेवून घेणं आयला जमतच नाय. बाईंना द्यायला अंगणभर धावून तिनं कोंबडा पकडला होता आणि जीपनं एकटीच शहापूर गाठलं होतं.

मी पोचलो तेव्हा बाई समजावत होत्या, "आजी, सकाळी बरं वाटलं ते बधिर करायच्या औषधानं. ते उतरलं. आता एक-दोन दिवस उलट जास्त दुखेल, बर्फ लावा. खरा आराम आठवड्याभरात पडेल."

"मंग सकाळी का नाय सांगितलं?"

"सांगितलं होतं. तुमचं लक्ष तेव्हाच कोंबड्यात असणार."

आठव्या दिवशी आय चुलीपुढून हात न टेकता उठली. किती वर्षांनी! डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग दुसरा कोंबडा माझ्या काखेत देत बोलली, "बाईंना सांग, पयला कोंबडा बधिर करायच्या औषधाचा होता. गुडघ्याचा ह्यो."